नाव रणछोड, मुक्काम डाकोर

मराठी माणूस नुसता पळत नाही. तो धूम ठोकतो, पोबारा करतो, सूंबाल्या करतो, काढता पाय घेतो, गाशा गुंडाळतो, गुंगारा देतो, पोलिसांच्या हातावर तुरी देतो आणि घाई फारच असेल तर कल्टी मारतो. पाठलाग करणारे वाढले की त्याला पळता भुई थोडी होते. एका साध्या क्रियेसाठी एवढा शब्दसाठा बाळगणाऱ्या भाषेत त्या क्रियेवरून ठेवलेलं एकही नाव नसावं, हे नवलच. बारशाला आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेते, ‘कुर्र’ करते, तिच्या पाठीवर धपाटे बसतात. पण त्या कानात ‘पोबारा’ असं आजवर कुठल्याही आत्याने सांगितलेलं नाही.

उडायला मात्र हरकत नाही. विहंग आहे, खगेश आहे, गगन आहे. मारुतीराव तर गावोगावी. म्हणजे जमीन सोडून वर गेलेला चालतो, जमिनीवरूनच पलीकडे गेलेला चालत नाही.

शेजारच्या गुजरातेत हा संकोच नाही. तिथे पोराचं नाव रणछोड ठेवतात. म्हणजे रण सोडून गेलेला. तेही आडून नाही, चारचौघांत, पेढे वाटून. मराठीत हाच शब्द मागे ‘दास’ लावून एखाद्याच्या अंगावर फेकला की भांडण होतं. गुजरातेत रणछोडदास, रणछोडलाल, रणछोडजी, रणछोडभाई अशा पिढ्याच्या पिढ्या होऊन गेल्या आणि त्यांतल्या कुणी नाव बदलायला अर्ज केल्याचं ऐकिवात नाही.

कारण पहिला रणछोड खुद्द कृष्ण. जरासंधाने मथुरेवर सतरा वेळा स्वारी केली आणि सतराही वेळा मार खाल्ला. अठराव्या खेपेला दुसऱ्या बाजूने कालयवनही सैन्य घेऊन आला, तेव्हा कृष्णाने अख्खी वस्ती द्वारकेला हलवली आणि स्वतः हातात शस्त्र न घेता कालयवनाच्या डोळ्यांदेखत पायी पळत सुटला. पुढे देव, मागे दांडगा शत्रू. पळता पळता कृष्ण एका गुहेत शिरला. आत मुचुकुंद नावाचा राजा झोपला होता. देवांच्या बाजूने लढून थकलेल्या या राजाने वर म्हणून झोप मागून घेतली होती आणि झोपमोड करणारा जळून खाक होईल, अशी पुरवणी त्या वराला होती. कालयवनाने अंधारात त्यालाच कृष्ण समजून लाथ घातली. पुढचं काम मुचुकुंदाच्या नजरेने केलं. अंगाला राख न लागू देता लढाई संपली.

दुसऱ्या कुणाच्या चरित्रात हा प्रसंग असता तर चरित्रकाराने तो चार ओळींत उरकला असता. गुजरातेने त्याचं देऊळ बांधलं. खेडा जिल्ह्यातल्या डाकोरला रणछोडराय आहेत आणि त्यांच्या तिथे येण्याची गोष्टही नावाला साजेशीच आहे. डाकोरचा बोडाणा नावाचा भक्त हातात तुळस घेऊन वर्षानुवर्षं द्वारकेला पायी जायचा. म्हातारपणी पाय चालेनात, तेव्हा देवच म्हणाला की गाडी घेऊन ये, मी येतो तुझ्याबरोबर. म्हणजे देव रातोरात द्वारकेहूनही निघाला. मागोमाग तिथले पुजारी हजर. मूर्ती डाकोरच्या गोमती तलावात लपवली, ती सापडली, मग मूर्तीच्या वजनाइतकं सोनं देण्याचं ठरलं. बोडाणाच्या घरात सोनं म्हणून होती ती बायकोच्या नाकातली सव्वा वालाची नथ. तराजूच्या एका पारड्यात देव, दुसऱ्यात नथ, आणि पारडी बरोबरीत! पुजारी हात हलवत परत गेले. ज्या देवाचं नावच पळण्यावरून पडलं, तो डाकोरला आला आणि तिथून काही हलला नाही.

यात मराठी माणसाचा हात आहे आणि तो चांगला लाखभर रुपयांचा आहे. डाकोरचं आजचं देऊळ १७७२ मध्ये गोपाळ जगन्नाथ तांबवेकर यांनी बांधलं. हे पेशव्यांचे सराफ. पुण्याच्या पैशाने रणछोडरायाला छप्पर मिळालं आणि त्यानंतर बरोबर तीस वर्षांनी, १८०२ च्या दिवाळीत, हडपसरला होळकरांकडून फौजेचा पराभव झाल्यावर दुसऱ्या बाजीरावाने पुणं सोडलं. सिंहगड, महाड करत स्वारी वसईला पोहोचली आणि ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह करून मोकळी झाली. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर पुन्हा तेच. पुढचे कित्येक महिने पेशवे पुढे आणि इंग्रज पलटणी मागे, असा महाराष्ट्रभर फेरफटका झाला. जून १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी माल्कमसमोर शरणागती, वर्षाला आठ लाखांचं पेन्शन आणि गंगाकाठी बिठूरला मुक्काम. तिथे हे गृहस्थ १८५१ पर्यंत जगले. तेहतीस वर्षं आठ लाख मोजताना ईस्ट इंडिया कंपनीच्या खजिनदाराला मराठ्यांशी झालेलं युद्ध नेमकं कोण जिंकलं, असा प्रश्न पडत असेल.

पण डाकोरचा न्याय पुण्यात लागू झाला नाही. महाराष्ट्राने त्यांना ‘पळपुटा बाजीराव’ म्हटलं आणि शाळेच्या पुस्तकापासून कट्ट्यावरच्या गप्पांपर्यंत ते नाव अजून तसंच आहे. आजोबांचं तलवारबहाद्दर नाव मिळूनही नातवाच्या वाट्याला विशेषण आलं ते पायांवरून.

मराठी माणूस पळण्याच्या विरुद्ध आहे असंही नाही. १७ ऑगस्ट १६६६ ला शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले, ती गोष्ट सांगताना आवाज आजही चढतो. मिठाईचे पेटारे, बाहेर पहारा, आणि अंगावर पांघरूण ओढून, कडं घातलेला हात तेवढा बाहेर ठेवून महाराजांच्या जागी पडून राहिलेले हिरोजी फर्जंद. पण त्या प्रसंगाला कुणी पळणं म्हणत नाही. ती ‘आग्र्याहून सुटका’. परतून राज्य उभं केलं की सुटका, परतलाच नाहीत तर पळ, असा मराठीतला साधा हिशेब दिसतो. पोराच्या पाळण्याशी उभं राहून तो परतणार की नाही हे सांगता येत नाही. म्हणूनच बहुधा मराठी आईबाप या वाटेला गेले नसावेत.

गुजराती रणछोडांनी मात्र नावाला पुरतं खोटं पाडलेलं आहे. अहमदाबादचे रणछोडलाल छोटालाल यांनी गावात कापडगिरणी काढायची असं मनात घेतलं, तेव्हा सावकार हसले. पैसे जमवण्यात वर्षं गेली. विलायतेहून यंत्रं मागवली तर ती आणणारं जहाजच वाटेत पेटलं. एवढ्यावर कुणीही शहाणा माणूस रण सोडून घरी बसला असता. रणछोडलालांनी पुन्हा यंत्रं मागवली आणि १८६१ मध्ये अहमदाबादची पहिली गिरणी सुरू केली. नंतर हेच गृहस्थ नगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि नळाचं पाणी नि गटारं नको म्हणणाऱ्या गावाशी पुढची कित्येक वर्षं झगडले.

मोरारजी देसाईंच्या नावातलं मधलं नाव रणछोडजी, म्हणजे त्यांचे वडील. मोरारजींबद्दल मराठी माणसाला संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांपासून जे म्हणायचं आहे ते तो आजही म्हणतो. पण ते मैदान सोडणाऱ्यांतले होते, असं त्यांचा कट्टर वैरीही म्हणणार नाही. पंतप्रधानपदाची वाट पाहत ते मैदानात एवढे टिकले की ते मिळालं तेव्हा वय एक्याऐंशी होतं.

त्याहून मौज बनासकांठ्याच्या सीमेवरच्या रणछोड पगींची. पगी म्हणजे पावलांचे ठसे वाचणारा. वाळूतला ठसा पाहून माणूस कोणत्या दिशेला गेला, किती वेळापूर्वी गेला, पाठीवर ओझं होतं का, हे सांगणारी ही माणसं. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत या रणछोडांनी लष्कराला रणातून वाट दाखवली. कच्छचं रण आणि लढाईचं रण, दोन्ही न सोडणाऱ्या या माणसाचं नाव पुढे सीमा सुरक्षा दलाने आपल्या एका चौकीला दिलं. चौकीला रणछोडाचं नाव देणारं हे जगातलं एकमेव सैन्य असावं.

मग खरोखर पळालेला रणछोड कोणीच नाही का? एक आहे. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’मधला रणछोडदास श्यामळदास चांचड. पदवी मिळताच हा असा पसार होतो की मित्रांना त्याला शोधत थेट लडाख गाठावं लागतं. तिथे कळतं की त्याचं नाव फुनसुख वांगडू. रणछोडदास कोणी दुसराच, ज्याच्या नावावर हा शिकत होता. नावाप्रमाणे वागलेला एकच रणछोड सापडला, तर त्याचं नाव रणछोड नव्हतं!

इंग्लंडातल्या प्युरिटन लोकांनी यावर एक शिस्तीचा उपाय काढला होता. नुसतं ‘पळ’ म्हटलं की घोटाळा होतो, तेव्हा कशापासून पळायचं ते नावातच लिहून टाकायचं. ससेक्स परगण्यातल्या वॉल्ड्रन गावच्या चर्चच्या वहीत डिसेंबर १६०९ मध्ये एका बाळाची नोंद आहे. नाव ‘फ्लाय-फोर्निकेशन’. त्या काळच्या इंग्रजीत अर्थ सरळ होता: ‘व्यभिचारापासून पळ’. नोंदीत पुढे हेही लिहिलं आहे की बाळ अनौरस आहे. म्हणजे पळायला हवं होतं ते मागच्या पिढीने आणि पाटी लागली ती पुढच्याच्या गळ्यात. हे पोर मोठं झाल्यावर घरच्यांनी त्याला जेवायला काय म्हणून हाक मारली असेल, याचा विचार ना आईला करू दिला असेल, ना पाद्र्याने केला असेल.

या मंडळींची हौस तेवढ्यावर भागत नसे. लंडनचे कातड्याचे व्यापारी प्रेझ-गॉड बेअरबोन (‘देवाची स्तुती कर’) यांच्यावरून १६५३ च्या पार्लमेंटला लोक ‘बेअरबोनचं पार्लमेंट’ म्हणत. त्यांचा मुलगा निकोलस. त्याचं बारशाचं नाव म्हणे ‘येशू तुझ्यासाठी मेला नसता तर तू नरकात गेला असतास’ असं अखंड वाक्य होतं. नरकातून सुटका करणाऱ्या या नावातून निकोलसने आधी स्वतःची सुटका करून घेतली आणि मग १६६६ च्या आगीत जळालेल्या लंडनमध्ये घरं बांधायचा नि घरांचे आगीविरुद्ध विमे उतरवायचा धंदा काढला. आगीची धास्ती त्याच्या नावातच होती. बापाने तिचं नाव ठेवलं, पोराने तिचा हप्ता ठरवला.

या पंथाच्या ज्यांना इंग्लंडात राहवेना ते मेफ्लॉवर जहाजातून १६२० मध्ये अमेरिकेला गेले. किनाऱ्याला जहाज नांगरून उभं असताना एक मुलगा जन्मला. त्याचं नाव ठेवलं पेरेग्रिन, म्हणजे परदेशी भटकणारा. पेरेग्रिन व्हाइट त्र्याऐंशी वर्षं जगले आणि जन्मले त्याच मुलखात शेतीवाडी करून वारले. भटकले ते आईबाप.

अरबीत हा मामला जास्त समंजस आहे. नाजी म्हणजे संकटातून निसटलेला, नजात म्हणजे ती सुटका, आणि दोन्ही नावं सर्रास ठेवतात. तुर्कस्तानात मुलीचं नाव हिजरत असू शकतं. इसवी सन ६२२ मध्ये मक्का सोडून मदिनेला गेलेल्यांच्या ज्या प्रवासापासून अख्खं पंचांग सुरू होतं, त्यावरून नाव ठेवायला लाज कसली? मोरोक्कोत जन्मलेल्या नजात वालो-बेलकासेम २०१४ ते २०१७ या काळात फ्रान्सच्या शिक्षणमंत्री होत्या. शिक्षणखातं सुटकेच्या हाती गेलेला हा दुर्मीळ देश. तरीही तिथल्या पोरांच्या परीक्षा व्हायच्या त्या झाल्याच.

दक्षिण आफ्रिकेतल्या बालेका म्बेटे यांचं प्रकरण वेगळं. झुलू भाषेत ‘बालेका’ म्हणजे ‘पळ’, सरळ आज्ञार्थी. डर्बनला जन्मलेल्या या बाईंना वर्णभेदी सरकारच्या काळात, १९७६ मध्ये, खरंच देश सोडावा लागला. स्वाझीलंड, टांझानिया, केनिया, बोत्स्वाना, झिंबाब्वे, झांबिया असं करत परतायला १९९० उजाडलं. इतकी वर्षं नावाने दिलेली आज्ञा पाळल्यावर त्यांनी पुढे ठाण मांडलं ते थेट संसदेच्या सभापतीच्या खुर्चीत, मध्ये काही महिने देशाच्या उपराष्ट्राध्यक्षाच्याही. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्षांचं भाषण थांबवणाऱ्या विरोधी खासदारांना सभागृहाबाहेर काढण्याचा हुकूम त्यांनीच दिला. आयुष्यभर स्वतःला ऐकावी लागलेली हाक त्यांनी एकदाची दुसऱ्यांना मारली.

जपानमध्ये उडणं आणि पळणं एकाच नावात बसवलेला माणूस जगातल्या सगळ्यात महागड्या खेळाडूंपैकी एक आहे. शोहेइ ओतानीच्या नावातलं ‘शो’ हे अक्षर झेप घेण्याचं. १९८१ मध्ये सरकारने नावात वापरायला परवानगी दिल्यावर जपानी आईबापांनी ते इतकं उचललं की एकेका वर्गात दोन-तीन उडती पोरं बसू लागली. ओतानीच्या वडिलांनी मात्र ते निवडताना गावाचा इतिहास पाहिला. त्यांच्या भागातलं जुनं शहर हिराइझुमी. ‘हेइ’ हे अक्षर तिथलं. आणि झेप मिनामोतो नो योशित्सुने या योद्ध्याची, जो ११८५ च्या दान-नो-उराच्या समुद्री लढाईत म्हणे एका नावेवरून दुसरीवर करत आठ नावा ओलांडून गेला. हा योशित्सुने हिराइझुमीला पोहोचला कसा, तर थोरल्या भावाची माणसं मागे लागली म्हणून पळत. शेवटी ११८९ मध्ये त्याला तिथेच गाठलं.

ओतानीनेही नाव दोन्ही अंगांनी चालवलं. बेसबॉलमध्ये चेंडूफेक्याचं लक्ष नसताना गुपचूप पुढच्या तळावर पळत जायचं, याला तिथे रीतसर ‘चोरी’ म्हणतात आणि तिचा हिशेब ठेवतात. २०२४ च्या हंगामात त्याने चेंडू मैदानाबाहेर धाडले ५४ वेळा आणि तळ चोरले ५९. एका हंगामात दोन्ही आकडे पन्नासच्या वर नेणारा तो पहिलाच. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाने त्याच्याशी दहा वर्षांचा सत्तर कोटी डॉलरचा करार केला आहे. पळायचे एवढे पैसे बाजीरावांनाही मिळाले नव्हते.

योशित्सुनेच्या चाहत्यांना त्याचं मरण काही मानवलं नाही. त्यांनी त्याला दंतकथेतून होक्काइडोला पळवला, तिथून समुद्रापार मंगोलियात नेला आणि चेंगीझखान करून सोडला. मंगोलियाला तो शोभलाही असता, कारण निसटण्यासाठी नाव कसं वापरावं यात त्या देशाचा हात कुणी धरणार नाही. मुलं दगावत असली की तिथे पुढच्या बाळाचं नाव ठेवतात नेर्गुई, म्हणजे ‘नाव नाही’. किंवा एनेबिश, ‘हा नव्हे’. तेर्बिश, ‘तो नव्हे’. खुनबिश, ‘माणूसच नव्हे’. दुष्ट शक्ती यादी घेऊन दारात आली तर संवाद साधारण असा व्हायचा: कोण रे तू? हा नव्हे. मग तो कोपऱ्यातला? तो नव्हे. आणि पाळण्यात कोण आहे? नाव नाही. सरकारी कचेरीत अर्धा जन्म घालवलेल्या कुणालाही ही युक्ती ओळखीची वाटेल.

नायजेरियातल्या योरुबा लोकांची तक्रार उलटी. त्यांच्या समजुतीप्रमाणे काही मुलं जन्माला येतात ती परत पळून जाण्यासाठीच. मरतात, त्याच आईच्या पोटी येतात, पुन्हा मरतात. अशा पोराला म्हणतात ‘आबिकू’ आणि त्याची नावं म्हणजे आर्जवं. दुरोजाये: थांब, आयुष्याची मजा घे. मालोमो: पुन्हा जाऊ नकोस. बानजोको: माझ्याजवळ बैस. आर्जवाने भागलं नाही की मग व्यवहार. कोसोको, म्हणजे ‘कुदळ नाही’. पुरायला खड्डा खणावा लागतो, तो खणायला घरात कुदळ नाही, तेव्हा मरायचं तेवढं राहू दे.

या नावाचा एक राजा लागोसच्या गादीवर १८४५ मध्ये बसला. कोसोको गेला नाही तो नाहीच, मरणाला पुरून उरला. पण १८५१ च्या डिसेंबरात इंग्रजी आरमाराने लागोसवर तोफा डागल्या, तेव्हा त्याने गाशा गुंडाळला आणि एपे गावी जाऊन राहिला. थांबण्यासाठी नाव मिळालेला पळाला, आणि त्यात शहाणपणाच केला. पुढे त्याने तिथे बसून व्यापार-राजकारण चांगलं चालवलं.

योरुबा आईला आणि मंगोल आईला महाराष्ट्रातल्या आईने लगेच ओळखलं असतं. मुलं जगत नाहीत म्हटल्यावर इथेही बाळाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचे, शेजारणीने उचलून आणायचं आणि मूठभर धान्य देऊन ते तिच्याकडून विकत घ्यायचं. मग नाव केरबा, उकिर्डा, भिकू, दगडू, धोंडू. यमाचा दूत घरात डोकावला की त्याला दिसायचा केर किंवा धोंडा. घेऊन जाण्याजोगं काही नाही असं पाहून तो पुढच्या दाराशी जायचा. पुढच्या दाराशी बंडू, बाळू, सोन्या राहत असतील तर त्यांचं त्यांनी पाहावं. या नावांतले सगळ्यात चिवट निघाले धोंडो केशव कर्वे. जन्म १८५८, विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने बहिष्कार घातला, १९१६ मध्ये महिलांसाठी विद्यापीठ काढलं, शंभराव्या वर्षी भारतरत्न घेतलं आणि १९६२ पर्यंत राहिले. दूताच्या वहीत ते बहुधा शेवटपर्यंत दगड म्हणूनच नोंदलेले होते.

हल्लीच्या पळापळीत बारसं आधी आणि पत्ता नंतर, अशीही वेळ येते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमधून लोकांना बाहेर काढणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या सी-१७ विमानांपैकी एक जर्मनीतल्या रामस्टाइन तळाकडे निघालं होतं. आत एका अफगाण बाईंच्या पोटात कळा सुरू झाल्या. उंचीमुळे त्यांचा रक्तदाब उतरायला लागला, तेव्हा वैमानिकाने विमानातला हवेचा दाब वाढावा म्हणून अवाढव्य विमान खाली आणलं. रामस्टाइनला चाकं टेकल्यावर दवाखान्यातली माणसं धावत विमानात चढली आणि सामान ठेवायच्या त्या जागेतच मुलगी झाली. रेडिओवर त्या विमानाची हाक होती ‘रीच ८२८’. आईबापांनी मुलीचं नाव ठेवलं रीच, पोहोच. आकडा तेवढा सोडला.

युरोपातल्या अमेरिकी फौजांच्या प्रमुख जनरलसाहेबांनी वार्ताहरांना ही बातमी मोठ्या कौतुकाने सांगितली आणि पुढे आपलं स्वप्नही सांगून टाकलं: ही मुलगी अमेरिकेची नागरिक व्हावी आणि मोठेपणी तिने आपल्याच हवाई दलाची लढाऊ विमानं उडवावीत. मुलगी तेव्हा चार दिवसांची होती आणि तिच्या आईबापांना अजून राहायला खोलीही मिळायची होती.